कुंचीतलं रेकॉर्डिंग

सांगलीच्या त्या कार्यक्रमात फोन आत न्यायला मनाई होती. पुरात लग्नाच्या बँडवाल्यांची वाद्यं वाहून गेली, त्यांच्यासाठी पुण्या-मुंबईचे पाच नावाजलेले रॉक बँड एका स्टेजवर फुकट वाजवणार होते. पुढं रेकॉर्डिंग विकून आणखी मदत उभी करायची होती, म्हणून गेटवर झडती. पण सात महिन्यांच्या मुलीची कुंची कोण उघडून बघणार? माझ्या नवऱ्यानं, अतिशयनं, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, तो सृष्टीच्या कुंचीत सरकवला आणि मी तिला छातीशी धरून आत गेले. चोरीच ती. त्याला नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.

आता रविवारी दुपारी, मलकापूरला आमच्या घरी, तो लॅपटॉपवर ते साफ करत बसला होता. तासगावचे मित्र सकाळपासून ग्रुपवर मागत होते.

"ऐन गिटारमध्ये हिचं हसणं," तो वैतागला. "सगळं कापावं लागणार."

"कापू नकोस. आधी मला ऐकू दे."

मला गाणी ऐकायची नव्हती. सृष्टी हाकेला वळत नाही, हे मी महिनाभर सांगत होते. सासूबाईंनी तिच्या पाठीमागं थाळी वाजवून पाहिली, तेव्हा ती वळली. सगळे निर्धास्त झाले. पण त्यांचा हात हलला की समोरच्या भिंतीवर सावली हलत होती, ती मी पाहिली होती.

"आगं, ड्रमवर कशी हसत हुती त्या दिवशी," सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "ऐकू येत न्हाई तर हसंल व्हय? तू लय शिकलीस, म्हणून तुला लय भ्या."

मी हेडफोन लावले. ड्रम सुरू झाला आणि कानाशीच सृष्टी खुदकन हसली. परत ड्रम, परत हसली. मला बरं वाटलं. मग ड्रम थांबला आणि गायकानं एकट्यानं वरचा सूर लावला. लोकांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. तिचा नुसता श्वास. तेवढ्यात माईक असा किंचाळला की माझाच "आई गं" रेकॉर्ड झालाय. तिचा श्वास तसाच, एका लयीत.

दोन गाण्यांच्या मधे मी तिला हाक मारली होती, अगदी कुंचीला तोंड लावून. सृष्टी. ए सृष्टी. तीनदा. काही नाही. झोपली असेल, असं मी स्वतःला सांगेपर्यंत ड्रम वाजला आणि ती हसली.

तो तुकडा मी चारदा मागं नेला. मग हेडफोन अतिशयच्या हातात दिले.

"गिटार ऐकू नकोस. हिला ऐक."

त्यानं ऐकलं. आधी घाईनं, मग दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून. कॉलेजात हा बेस वाजवायचा. त्यानं स्वतःच एकदा मागं नेलं.

"ड्रम पोटात लागतो," तो हळू म्हणाला. "एवढ्या जवळ स्पीकर असला की कान लागतच नाही त्याला."

"काय झालं रं?" सासूबाईंनी विचारलं.

त्यानं हेडफोन काढले. उठून खिडकीचा पडदा ओढला, मांडणीतली मोठी थाळी घेतली आणि पार दाराबाहेर गेला. सृष्टी दाराकडं पाठ करून माझ्या मांडीवर बसली होती. बाहेरून त्यानं पळीनं थाळी बडवली. सासूबाईंच्या हातातला लसूण खाली पडला. शेजारची सोनिया जिन्यावरून काय झालं, काय झालं करत आली.

सृष्टी पायाचा अंगठा तोंडात घालायचा प्रयत्न करत होती. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा जमलं.

अतिशय थाळी हातात घेऊन दारातच उभा राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"सांगलीला कानाचे डॉक्टर आहेत," मी म्हणाले. "उद्या साडेदहाचा नंबर आहे."

"कवा लावलास?" सासूबाईंनी विचारलं.

"गुरुवारी."

"आन् आमास्नी सांगायचं न्हाई व्हय?"

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी खाली वाकून लसूण गोळा केला, एकेक पाकळी, पुष्कळ वेळ लावून.

"मी बी येते," त्या म्हणाल्या. "तुमी दोघं डॉक्टरांशी बोलाल. हिला कोण घेईल?"