खांबावरचा विळा

"त्या इळाले हात लावू नको, ताई!"

भागाबाई ओट्यावरून ओरडली. गोठ्याच्या खांबावरचा विळा काढायला गेलेला सुनेचा हात तिथंच थबकला.

"बठ्ठा इळा वावरमा शेतस, आत्याबाई. कडबा तोडाले काय लेऊ?"

"हातवरी तोड."

बाकीचे सगळे विळे शेतात आणि हा एक रिकामा टांगलेला! ताईबाई पुटपुटत निघून गेली. शिंदखेड्याहून या घरात आली तेव्हापासून ती हा विळा पाहत होती. दर अमावास्येला त्याला धार लागायची, पण त्यानं कधी गवताची काडीही कापली जात नसे.

भागाबाईचा मुलगा, ताईबाईचा नवरा अभिमन लहान असताना अशाच चैत्राच्या वाऱ्यात गोठा पेटला होता. त्याचा बाप झुलाल बैल सोडायला आत शिरला, तो बाहेर आलाच नाही. गाठी आवळल्या असतील, हाताशी विळा असता तर माणूस वाचला असता, असं गाव म्हणालं. घरातला तेव्हाचा एकुलता एक विळा, हाच, त्या दिवशी भागाबाईच्या हातात होता. ती गहू कापायला गेली होती. बैलांची दावी जळून गेली होती. गाठी सुटल्या होत्या की नाही, हे सांगायला काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून वारा सुटायच्या आत ती चूल विझवी, अंगणातली पाण्याची कोठी भरून ठेवी आणि बैलांना सुरगाठीनंच बांधायला लावी. चिलीम ओढत कुणी ओट्यापुढून गेला, तर शिव्या खाऊनच पुढं जाई. गाव तिला 'इस्तूबाई', विस्तवाची बाई, म्हणे. म्हणेना का!

सत्तावन्न साली ते सगळं कामाला आलं. भरदुपारी शेजारच्या गल्लीतून ठिणगी उडाली आणि गोठ्याच्या छपरावरच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या तडतडू लागल्या. अभिमन आत धावला. एक सुरगाठ हिसक्यासरशी सुटली, दुसरी अडली. भागाबाईनं खांबावरचा विळा ओढून त्याच्या हातात दिला. दावं तुटलं, दोन्ही बैल अंगणात आले. भागाबाईचा जीव भांड्यात पडला.

आणि चांद्या वळला. धुरानं बावरलेला तो बैल कुणाला काही कळायच्या आत पुन्हा गोठ्यात शिरला आणि आपल्या गव्हाणीपाशी जाऊन उभा राहिला.

"चांद्या!" अभिमन मागं धावला. भागाबाईनं त्याच्या कमरेला मिठी मारली.

"सोड, माय! तो जळी जाई!"

"जाऊ दे त्याले. तुना बाप बी असाच मांगे गया व्हई रे!"

आपण काय बोललो, ते तिला बोलल्यावर कळलं: गाठी तेव्हाही सुटल्या असतील, झुलाल उलट्या फिरलेल्या बैलामागं गेला असेल. मिठी मात्र तिनं सैल केली नाही. छप्पर बसलं तेव्हा अभिमन मटकन खाली बसला आणि ती त्याच्या पाठीवर डोकं टेकून रडू लागली. झुलालसाठी ती पुष्कळ रडली होती, पण आजवरच्या प्रत्येक रडण्यात तो विळा होता. आज नव्हता.

आषाढाच्या आत नवा गोठा उभा राहिला. भागाबाईनं खांबाला विळा अडकवला. मग पेटीतून झुलालचं जुनं धोतर काढलं, फाडून त्याच्या दोन पट्ट्या केल्या आणि विळ्याशेजारी टांगल्या.

"हाई कसाले, आत्याबाई?"

"बैलना डोळा बांधाले. आंधळा बैल मांगे फिरत नही."

एवढं बोलून ती चूल विझवायला आत गेली. वारा अजून सुटायचा होता.