एकशे चाळीसचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं आकड्यांचं कुलूप आहे. मला किल्ली नाही. पोटावर तीन चकत्या आहेत, त्यांवर योग्य आकडा जुळवला की मी उघडतो. लाथा मारल्या तर उघडत नाही. हे आधीच सांगतो, कारण सध्या मी फार वैतागलो आहे.

अलीगढच्या एका कारखान्यात मी घडलो आणि लातूरला जहांगीरचाचांच्या किराणा दुकानात आलो. चाचांनी मला काजू-बदामाच्या कपाटाला लावलं. गिऱ्हाईक मला बोटानं फिरवून बघायचं आणि "भारी हाय की, चाचा!" म्हणायचं. दर ईदेला चाचा मला तेलाचे दोन थेंब पाजायचे. मग चौकात मोठा बाजार झाला, गिऱ्हाईक तिकडे वळलं, आणि दुकान बंद पडलं. मी कपाटासकट धूळ खात बसलो. तेलाचं तर नावच सोडा.

मला धुळीतून बाहेर काढलं चाचांच्या मुलीनं, मुबश्शिरानं. तिनं रिकाम्या दुकानाचा खेळ केला. मुलांनी आत यायचं, वस्तूंच्या भावांची कोडी सोडवायची, आकडा शोधायचा आणि मागच्या दाराला लावलेलं कुलूप, म्हणजे मला, उघडून बाहेर पडायचं. दोन साबणांची किंमत एका चहापुड्याएवढी, तेल चहापुड्याच्या तिप्पट, अशी ती कोडी. ती मुलांना चटकन सुटतात. घोडं अडतं शेवटच्या कोड्यावर.

तिथं ज्वारीचं पोतं आहे. त्यावर पाटी आहे, एक माप पस्तीस रुपये. शेजारचं बटण दाबलं की ज्वारी मोजणाऱ्या चाचांचा आवाज येतो: "बरकत... दोन... तीन... चार." एकूण जितके रुपये होतील तो माझा आकडा. चार मापं, एकशे चाळीस. इतकं सरळ आहे हो!

पण नाही. लातूरची पोरं पडली हुशार, क्लासला जाऊन गणितं कोळून प्यायलेली. ती म्हणतात, चाचा आधी दुआ मागतात आणि दोनपासून मोजायला लागतात. म्हणजे मापं तीनच, एकशे पाच! मग मला त्या आकड्यावर आणून हिसडे देतात. नाही उघडलो की पुन्हा तोच आकडा, पुन्हा हिसडे. मला तोंड असतं तर ओरडलो असतो, "अरे शहाण्यांनो, बरकत म्हणजेच एक!" जुने दुकानदार पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. बरकत म्हटलं की धान्य पुरून उरतं, अशी त्यांची श्रद्धा. पण मी पडलो कुलूप. आतल्या आत चडफडण्यापलीकडे माझ्या हातात काय आहे?

वेळ संपली की मुबश्शिरा सगळं समजावून सांगते. कुणाला पटत नाही. परवा एका मुलाला न्यायला आलेले वडील सर्वांसमोर म्हणाले, "तीन मापं देऊन चारचे पैसे? हे तर मापात पाप झालं!" लोक हसले. चाचा दारातच उभे होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"बस हुआ बेटा," ते मुबश्शिराला म्हणाले. "सारी उमर में मेरेकू किसीने मापचोर नै बोला."

"अब्बा, मैं नंबर बदल देती. एकसौ पाच कर देती."

"मतलब मेरा पहला माप झूठा? नक्को. उससे अच्छा खेलच बंद कर."

शेवटी एवढंच ठरलं, की आजची टोळी खेळून जाऊ दे, मग खेळाची पाटी उतरवायची. मित्रांनो, माझं काय, मी पुन्हा धुळीत गेलो असतो. पण चाचांच्या नावाला लागलेला डाग तसाच राहिला असता, आणि खरा आकडा माझ्या पोटात असून मला काही करता येत नव्हतं!

आजच्या टोळीत क्लासची चार मुलं होती. रविकिरण त्यांचा म्होरक्या. त्यानं एकशे पाच जुळवलं, मला ओढलं आणि वर एक लाथ हाणली. "मापात पाप, दुसरं काय! गावभर तेच म्हणून राहिलेत," तो म्हणाला. दाराच्या पलीकडे चाचा होते. त्यांनी ते ऐकलं.

रेणापूरकडच्या खेड्यातली साक्षी मात्र बटणापाशी बसून राहिली. तिनं आवाज ऐकला. पुन्हा ऐकला.

"किती ऐकशील? वेळ संपून राहिला," रविकिरण खेकसला.

"थांब की. आधी दाणे पडल्याचा आवाज येतो, मंग बरकत. दुआ आधी मागतेत का माप टाकल्यावर?" ती उठली. "आमचे पप्पा खळ्यावर असंच मोजतेत. लाभ, दोन, तीन. एक कोणी म्हणतच न्हाई. तुमचं बरकत तेच आमचं लाभ!"

तिनं माझ्या चकत्या फिरवल्या. एक, चार, शून्य. मी असा खटकन उघडलो की माझं मलाच नवल वाटलं.

दार उघडलं. समोर चाचा उभे. साक्षी म्हणाली, "चाचा, तुम्ही मापं चारच दिलीत. बरोबर मोजलंत."

चाचा आत आले. ज्वारीच्या पोत्यावर बसले आणि डोळे पुसू लागले. रविकिरणची मान खाली गेली. "चुकलं माझं, चाचा," तो पुटपुटला.

"चुकलं म्हणलास, बस झालं बाळा," चाचा म्हणाले. "बाकीचे त तसंच बोलून निघून गेले."

मित्रांनो, माझा आकडा बदलला नाही आणि पाटीही उतरली नाही. पण ते निघून गेलेले लोक अजून बाजारात तेच सांगत असतील. त्याचाच राग मला येतो. कोडं सुटलं नाही तर पुन्हा ऐका, कुणा मोठ्याला विचारा, हरलात तर हरा. पण न विचारता कुणाला चोर ठरवू नका. माझ्यावर चिडून लाथ मारलीत तर मी सोसेन, मी लोखंडाचा आहे. जहांगीरचाचा नाहीत.