न्यायला कोणी न आलेला कोट

आत्याच्या लाँड्रीचा एक नियम होता. गिऱ्हाईक न्यायला आलं नाही, तरी कपडा टाकायचा नाही. असे कपडे मागच्या दांडीवर वर्षानुवर्षं लटकत असत. त्यातल्या शेवटच्या हँगरवर आतोबांचा करडा कोट होता. "इस्त्री करून ठेव, आल्यावर घालतो," म्हणून आतोबा जे गेले ते गेलेच. आत्या दर महिन्याला कोटाला इस्त्री करी. माणसाचा पत्ता नाही, पण कोटाला सुरकुती नाही.

आत्याच्या हाताखाली वाढलेला भाचा पुढे सिनेमे लिहू लागला. त्याचा अवकाशातला सिनेमा तुफान चालला. त्यात एक यंत्रमानव माणसांची शरीरं दांडीवर सांभाळत बसतो. आत्मे कधीतरी परत येतील आणि ती अंगात घालतील, अशी त्याची समजूत. एक शरीर न्यायला कोणीच येत नाही. शेवटी तो ते जाळतो, दिवा मालवतो आणि बाहेर पडतो. थेटरात लोक ढसाढसा रडले. आत्या रडली नाही, तिने भाच्याशी बोलणंच टाकलं.

मग या सिनेमामागच्या तत्त्वज्ञानावर परिसंवाद भरला. भाच्याने हातापाया पडून आत्याला पहिल्या रांगेत बसवलं. एक प्राध्यापक म्हणाले, शरीर हे आत्म्याचं वस्त्र, म्हणजे हा सरळसरळ वेदान्त. दुसरे म्हणाले, छे, सगळं अनित्य आहे, तेव्हा हा बौद्ध विचार. एका धर्मगुरूंना त्यात अंतिम निवाड्याची वाट पाहणारे मृतात्मे दिसले. तिघांची चांगलीच जुंपली. ज्याने लिहिलं, तो पाणी पीत बसला होता.

आत्या उठली. "ते सगळं असेल. पण त्या यंत्राने ते का जाळलं? न्यायला आलं नाही म्हणून जाळायचं?"

"वैराग्य, बाई," पहिले प्राध्यापक म्हणाले.

"तुम्हाला नाही, त्याला विचारलं."

भाच्याने ग्लास खाली ठेवला. "आत्या, त्या यंत्राने एकदा तरी दुकान बंद करून बाहेर पडावं, एवढंच मला हवं होतं. तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती गं."

प्राध्यापकांनी 'करुणा' असं टिपून घेतलं. आत्या खाली बसली आणि तिने पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी भाचा भीतभीतच दुकानात आला. आत्याने दांडीवरून कोट काढला, त्यावर उगाच एकदा इस्त्री फिरवली आणि त्याच्यापुढे धरला.

"घाल."

"आतोबा आले तर?"

"आले तर तुझ्याकडून मागून घेतील. कपडा जाळायचा नसतो, गाढवा."

बाह्या तोकड्या निघाल्या. आत्याने एक बाही उलटून पाहिली. "आत दोन बोटं कापड आहे, उसवून घे." रिकामा हँगर तिने गिऱ्हाइकांच्या हँगरांत अडकवला. "आता चल, कुठेतरी फिरवून आण मला."

"आत्ता? दुकान?"

भरदुपारी, समोरून एक गिऱ्हाईक गाठोडं घेऊन येत असताना, आत्याने शटर खाली ओढलं.