निळ्या झाकणाच्या कुप्या

दसऱ्याच्या सकाळी साडेसहाला ब्राउनश्वाइगमधल्या माझ्या इवल्याशा स्वयंपाकघरात टेबलावर बत्तीस कुप्या मांडलेल्या होत्या. सोळा लाल झाकणाच्या, सोळा निळ्या. प्रत्येकीत एका बाराला पुरेल एवढी बंदुकीची दारू, तोलून भरलेली. यातल्या कुठल्या सोळा न्यायच्या हे मला दोन महिन्यांत ठरवता आलं नव्हतं, आणि खाली गाडी यायला अर्धा तास उरला होता.

"दोन्ही ने की मग," आई म्हणाली. "ब्लाउजपीस निवडताना गिऱ्हाईक असंच करतं. दोन्ही नेतं आणि घरी जाऊन ठरवतं."

साल दोन हजार सात. मी टेक्निकल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होते, विषय डिझेल इंजिनातली काजळी. आठवडाभर ती काजळी मोजायची आणि शनिवारी एल्मच्या डोंगराखालच्या एका गावात, नेमबाजीच्या क्लबात जाऊन बंदुकीच्या नळीतली काजळी काढायची. ईश्वरीला काजळीशिवाय करमत नाही, असं लॅबमधली मंडळी म्हणायची. खरंच होतं ते.

कारण बंदूक ठासणीची होती. हिच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग वंगण लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने तळापर्यंत ठासायची. मागच्या बोंडावर तांब्याची टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. टोपी फुटते, बोंडाच्या बारीक भोकातून ठिणगी आत जाते आणि धडाड! पांढऱ्या धुराचा असा लोट येतो की समोरचं काही दिसत नाही. पहिला बार काढला तेव्हा मी आनंदाने किंचाळले होते. आजही तो वास आला की माझे हात शिवशिवतात.

बंदूक माझी नव्हती, हेर म्हणजे श्रीयुत ल्यूडर्स यांची होती. वय अठ्ठ्याहत्तर, मूलबाळ नाही, बोलणं मोजकं. त्यांचे आजोबा फॉरेस्टर होते आणि त्यांनी याच बंदुकीने एल्ममध्ये रानडुकरं मारली होती. आता कायद्याने हिने शिकार करता येत नाही, कागदावरच नेम धरायचा. ल्यूडर्सना तोही धरता येईना, कारण उजव्या डोळ्याचा पडदा झिजत चालला होता. कोलोन शहरातला एक संग्राहक ही बंदूक मागत होता. त्याला ती दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायची होती.

"उडते ती बंदूक भिंतीवर जात नाही," ल्यूडर्सनी मला वसंतात सांगितलं होतं. "आल्झो, तर मग, शरदाच्या कपाच्या स्पर्धेत चाळीस मिनिटांत पंधरा बार. पंधराही कागदावर लागले तर बंदूक तुझी. नाहीतर सोमवारी कोलोनचा माणूस येईल."

आदल्या वर्षी माझे अकराच झाले होते. दर तीन बारांनी नळीत जळका मळ साचायचा, गोळी आत जायला नकार द्यायची. मग ओल्या चिंधीने पुसा, कोरड्या चिंधीने पुसा. वेळ त्यातच जायचा.

म्हणून मी दारूच्याच मागे लागले. ऑर्डनुंग्सआम्ट या सरकारी कचेरीत खेटे घातले, कोर्स केला, परीक्षा दिली आणि पुल्फरशाइन मिळवला. त्या परवान्याशिवाय इथे चिमूटभर दारू विकत मिळत नाही. लाल झाकणाची दारू ल्यूडर्सची, पिढीजात, जाड दाण्याची. काळाकुट्ट मळ सोडायची, पण गोळी जिथे पाहाल तिथे लागायची. निळी बारीक दाण्याची, स्वच्छ जळणारी. माझ्या एक्सेलच्या तक्त्यात तिचे सलग नऊ बार न पुसता गेले होते. त्या रात्री मी कुणालाही फोन करायला तयार होते, इतकी खूश होते! पण निळीचा जोर जास्त. पन्नास मीटरवर गोळी चांगली वीतभर वर लागायची. नऊच्या पुढे काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. आणि ल्यूडर्स तर पहिल्या दिवशी नवा डबा पाहूनच म्हणाले होते, "या नळीत दुसरी दारू कधी गेलेली नाही." मला त्यांचा असा राग आला होता की मी बसमध्ये वहीचं पान फाडलं.

शेवटी आईचंच ऐकलं. बत्तीसच्या बत्तीस पिशवीत टाकल्या.

आईबद्दल सांगायला हवं. मालिनीबाई, सांगलीत शिवणाचे क्लास चालवतात, तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आल्या होत्या. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी सांगलीत आई आपली चारही शिलाई मशीनं पुसते, तेलपाणी करते, हळदकुंकू लावते. ब्राउनश्वाइगमध्ये मशीन नव्हतं, पण शस्त्र होतं. मी लॅबमधून आले तेव्हा बंदुकीच्या दस्त्यावर हळदकुंकवाची दोन बोटं आणि शेजारी सुपरमार्केटातली पिवळी शेवंती. मला हसू आलं, मी नमस्कारही केला. बंदूक मी दोन दिवस आधीच घरी आणली होती आणि नळी लख्ख करून ठेवली होती. ती पुन्हा कशाला तपासायची?

गाडी आली आरेन्सबाईंची. त्या ल्यूडर्सच्या शेजारी आणि क्लबच्या पंच. बंदूक डिकीत, ल्यूडर्स पुढे, आम्ही मायलेकी मागे. बाहेर जेमतेम चार डिग्री. आई ल्यूडर्सशी सगळा वेळ मराठीत बोलत होती आणि ते "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, असं म्हणत होते.

क्लबची शेड समोरून उघडी. आई साडीवर माझं जाड जॅकेट घालून मागच्या बाकावर बसली. मी रिकाम्या बंदुकीवर दोन टोप्या फोडायला घेतल्या. ल्यूडर्सचा नियमच आहे: सुरुवातीला नळीचं तोंड जमिनीवरच्या वाळक्या पानाजवळ धरून टोपी फोडायची. पान उडालं तर आतली वाट मोकळी. मी टोपी फोडली आणि नेमकी आई ओरडली, "ईशू, मफलर नीट बांध गं!" मी वळून पाहिलं. पान उडालं की नाही ते पाहिलंच नाही. दुसऱ्या टोपीलाही नाही.

"सुरू!" आरेन्सबाईंनी घड्याळ दाबलं.

पहिली कुपी मी लालच घेतली. हात ओळखीच्या रंगाकडे गेला. दारू, गोळी, गज, टोपी. नेम धरला, चाप ओढला.

टच्च.

बाकी काही नाही. नियमाप्रमाणे नळी समोर धरून एक मिनिट थांबले. दुसरी टोपी. टच्च. तिसरी. टच्च. आजूबाजूला इतरांचे बार धडाधड उडत होते, धूर दाटत होता आणि माझी बंदूक मुक्यासारखी गप्प. मदतीला कुणी येऊ शकत नाही. मी किल्ली काढली, बोंड पिळून सोडवलं आणि भोकात सुई घातली.

सुईवर मेणासारखं पांढरं काहीतरी आलं. नाकाशी नेलं.

खोबरेल! आईच्या केसांचा वास. शाळेत जाताना दोन घट्ट वेण्या घालून द्यायची, तोच.

मी वळले. आईने लगेच अंगठा वर केला.

"आई! नळीत तेल घातलंस?"

"घालायला नको? मशीनला घालते तसंच. कोमट करून घातलं हो, दोनच चमचे!"

"रुहे, बिट्टे!" शांत राहा, असं आरेन्सबाई गरजल्या.

सांगलीत थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं. इथे डिकीत आणि या उघड्या शेडमध्ये ते गोठून बुचासारखं बसलं होतं. मला रडू आणि संताप एकदमच आला. त्या क्षणी आईला पहिल्या विमानाने परत पाठवावं असं वाटलं, हे मी लपवत नाही. पण हात थांबवले नाहीत. सुईने कोरून कोरून पांढरा गोळा बाहेर काढला, फडक्यावर पुसला, बोंडाखाली चिमूटभर कोरडी दारू सोडली, बोंड परत आवळलं. टोपी. चाप.

धडाड!

गोळी कागदाच्या कडेला लागली, पण लागली. घड्याळाकडे पाहिलं. चौदा मिनिटं गेली होती. उरली सव्वीस, आणि बार उरले चौदा.

लाल दारूला पुसण्यासकट एका बाराला पावणेतीन मिनिटं लागतात. म्हणजे लाल घेतली तर नेम चांगला आणि बंदूक कोलोनला. निळी घेतली तर गोळी वीतभर वर, नऊ बारांपुढे अंधार, आणि मागे हाताची घडी घालून उभे असलेले ल्यूडर्स. दोन महिने तक्ते केले होते मी. ठरायला तीन सेकंदही लागले नाहीत. निळं झाकण दातांनी उघडलं.

काळ्या वर्तुळाच्या बऱ्याच खाली, पांढऱ्या कागदावर नेम धरला आणि चाप ओढला. निळीचा आवाज वेगळा, चाबूक ओढल्यासारखा. ल्यूडर्सना झाकणाचा रंग दिसला नसेल, पण आवाज कळला. त्यांनी मान झटकन वर केली. दुर्बिणीत पाहिलं तर भोक काळ्यात, वरच्या बाजूला. मी आणखी खाली आले. पुढचं भोक जवळजवळ मध्यात!

मग जे सुरू झालं ते काय सांगू! ओत, ठास, टोपी, धडाड. ओत, ठास, टोपी, धडाड. पुसायचं नावच नाही. गोळी सरसर खाली जात होती. बोटं काळी, डोळ्यांत धूर, थंडी कुठल्या कुठे पळाली. सात. आठ. नऊ. दहा. अकरा झाले, मागच्या वर्षीचा आकडा, आणि मी स्वतःशीच मराठीत मोठ्याने म्हणाले, "चल, आता नवं!" आई मागून "शाब्बास!" म्हणाली आणि आरेन्सबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले.

तेराव्याला गज जड लागला. चौदाव्याला पोटाचा जोर लावून गोळी ठासावी लागली. बार उडाला, पण मला कळून चुकलं की पंधरावी गोळी अशी जाणार नाही. अर्ध्यात अडकेल. पुसायचं तर दोन मिनिटं हवीत. घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद होते.

माझी नजर फडक्यावर गेली. त्यावर तो पांढरा गोळा तसाच होता, थंडीत अगदी घट्ट.

दारू ओतली. चिंधी त्या खोबरेलात घासली, चांगली दोन्ही बाजूंनी, गोळी गुंडाळली आणि गज लावला. गोळी क्षणभर अडली. मग हळूहळू, मऊपणे उतरू लागली आणि थेट तळाला टेकली. घाईघाईत पहिली टोपी खाली पडली. दुसरी बसली. नेम खाली. आणखी थोडा खाली.

धडाड!

धूर विरायच्या आत आरेन्सबाई ओरडल्या, "त्साइट!" वेळ संपली.

कागद सरकत जवळ आला. आरेन्सबाई जर्मनमध्ये भोकं मोजत होत्या, आई मराठीत, आणि मी मोजतच नव्हते, नुसती दोघींच्या तोंडाकडे बघत होते. "पंधरा!" आई आधी पोचली. "फ्युन्फत्सेन," आरेन्सबाई म्हणाल्या. मी आईला अशी मिठी मारली की तिच्या जॅकेटवर काळे पंजे उमटले. राग कुठे गेला कोण जाणे.

ल्यूडर्स जवळ आले. अभिनंदन वगैरे नाही. "इथे कसला वास येतोय?"

मी सगळं सांगितलं. पूजा, तेल, न पाहिलेलं वाळकं पान, सगळं. वाटलं आता झाडतील. त्यांनी बंदूक घेतली, गजाला पांढरी चिंधी लावून नळीतून फिरवली आणि ती डाव्या डोळ्याजवळ धरून कितीतरी वेळ पाहिली. पंधरा बारांनंतर ती काळी नव्हती, राखाडी होती.

"माझे वडील तीन बारांनी नळी पुसायचे," ते म्हणाले. "म्हणून मीही साठ वर्षं तीन बारांनी पुसली." मग हात पुढे केला. "निळी एखादी उरली असेल तर दे."

दोन उरल्या होत्या. मी एक दिली. त्यांनी नुसत्या स्पर्शाने बंदूक भरली, माझ्यापेक्षा झरझर. आरेन्सबाईंनी नवा कागद लावला. "नेम खाली धरा," मी म्हणाले, आणि त्यांनी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखी मान हलवली. खांदा लावला, श्वास सोडला, बार काढला.

"कुठे लागली?"

मी दुर्बिणीतून पाहिलं. पुन्हा पाहिलं. खोटं बोलायचं मनात आलं, पण या माणसापुढे जीभ वळेना. "कागदावर नाही, हेर ल्यूडर्स."

"गेनाऊ," ते म्हणाले, आणि हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी नळी पुसली, बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरली आणि माझ्या हातांवर ठेवली. डोळे भरून आले होते आणि काळ्या हातांनी पुसायची सोय नव्हती.

आईने पर्समधली वही उघडली. सांगलीहून आणलेली आपट्याची वाळलेली पानं त्यात होती. "सोनं घ्या, ल्यूडर्सभाऊ," म्हणत एक जोडपान तिने त्यांच्या हातात ठेवलं. शिकार साधली की इथले शिकारी झाडाची डहाळी टोपीला लावतात, तसं त्यांनी ते पान हॅटच्या पट्टीत जपून खोचलं.

परत निघताना मी सवयीने बंदुकीची पेटी डिकीत ठेवायला गेले. ल्यूडर्सनी ती माझ्या हातातून घेतली, मला मागच्या सीटवर बसवलं आणि पेटी माझ्या मांडीवर आडवी ठेवली.

"डिकीत नको," ते म्हणाले. "मागे थंडी असते. तेल गोठतं."