तेल पाजलेली बॅट

मी एक जुनी टेबल टेनिसची बॅट आहे, मित्रांनो. आता अंगात फारसा दम उरलेला नाही, तेव्हा जरा सावकाश ऐका.

बहात्तर साली कारंज्याच्या भागचंद शेटनी मला नागपूरहून आणले. त्यांचे कापडाचे दुकान होते. दुकान बंद केले की ते कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या हॉलमध्ये खेळायला जात. तिथे हवेत कापसाचे तंतू उडत आणि माझ्या लाल रबरावर येऊन चिकटत. खेळ संपला की भागचंद मला ओल्या फडक्याने हळुवार पुसत, सावलीत वाळवत आणि त्यांच्या पत्नी कंचनबाईंनी शिवलेल्या खोळीत ठेवत.

त्यांचा जोडीदार दौलतसिंग हा एस.टी.चा ड्रायव्हर. तो चेंडू दाणकन हाणायचा.

"मारू नको त्याले," भागचंद म्हणत, "खालून वर घासून घे. रबरानं चेंडू धरला पायजे."

खरेच, माझे स्वच्छ रबर चेंडूला क्षणभर धरायचे आणि तो असा गरगरत जायचा, की समोरचा चक्रावून जाई. लोक वाहवा करत. थकवा म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मग अकोल्याचे सामने आले. आदल्या दिवशी कंचनबाईंनी मोठ्या मायेने मला खोबरेल तेल चोळले. मी चकाकले, पण सामन्यात चेंडू माझ्यावरून नुसता घसरत राहिला. भागचंदनी मला नाकाशी धरले आणि त्यांना सगळे कळले. सामना हातचा गेला.

"काहून, फिरकी कुठं गेली आज?" दौलतसिंगने विचारले.

"हात भरून आला," एवढेच ते बोलले.

घरी कंचनबाई दारातच उभ्या होत्या. "मी चमकवली होती बॅट. कामी आली का?"

त्यांचा उजळलेला चेहरा पाहून भागचंद म्हणाले, "आली तर!"

झाले! पुढे प्रत्येक सामन्याआधी मला तेल मिळू लागले. मला लपवावे, तर त्या शोधून काढत. रबर फुगले, कडा सुटल्या. हरून हरून भागचंदनी शेवटी खेळणेच सोडले आणि मी फळीवर धूळ खात पडले.

एका दिवाळीला दौलतसिंग फराळाला आला. त्याने मला खोळीतून काढले, वास घेतला. "वैनी, हिले तेल कोनं पाजलं? रबराचं मातेरं झालं की!"

कंचनबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी त्याला दारापर्यंत पोचवले. मग नवऱ्याकडे वळल्या.

"इतके दिवस तुमी हरत राह्यले, खेळ सोडला, अन् मले एक शब्द नाही सांगतला?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"मंग आता लय बरं वाटून राह्यलं का मले?"

मला भागचंदच्या हातात देत कंचनबाई म्हणाल्या, "नवं रबर आना. अन् पुसाचं कसं, ते दाखवा."

नवे रबर आले. दोघांनी मिळून ते चिकटवले. पण माझे लाकूड तेलाने जड झाले होते आणि भागचंदचा हातही पहिला राहिला नव्हता. आम्ही खेळलो, पण ती फिरकी काही परत आली नाही.

मित्रांनो, रबराला ओले फडके, सावली आणि खोळ पुरते. तेल लावू नका, उन्हात टाकू नका. आणि कोणी मायेपोटी चुकत असेल, तर त्याला वेळेवर सांगा. मला बोलता येत नव्हते. भागचंदना येत होते.