कंगवा कोरलेला दगड

मित्रांनो, दगडाला लाज नसते असं तुम्ही म्हणता. मला आहे. रोमजवळच्या डोंगरातल्या एका लहान गावातला मी जुना संगमरवरी दगड. वय दोन हजारांच्या आसपास, पण माझ्या हातून झालं ते सांगताना आजही मान वर होत नाही.

मला घडवलं ते एका आईसाठी. हेल्पिस तिचं नाव. तिची मुलगी थाल्लुसा मोठ्या घरच्या बायकांच्या वेण्या घालायची. एकोणीस वर्षांची झाली आणि तापाने गेली. "अक्षरं खोल काढा हो," हेल्पिस पाथरवटाला म्हणाली. "तिचा कंगवाही काढा. जाणाऱ्या-येणाऱ्याने पोरीचं नाव मोठ्याने घेतलं पाहिजे." मग मला रस्त्याच्या कडेला उभं केलं. वाटसरू थांबायचे, वाचायचे, "थाल्लुसा" म्हणायचे आणि पुढे जायचे. तिचं नाव राखणं, एवढंच माझं काम होतं.

पुढे रस्ता मोडला आणि मी मातीखाली गेलो. दोनशे वर्षांपूर्वी एका नांगराला लागलो, तेव्हा लोकांनी गावच्या पाद्र्याला बोलावलं. त्याला लॅटिन प्रार्थना तोंडपाठ. अर्थाच्या नावाने मात्र आनंदी आनंद. माझी अक्षरं त्याला लागेनात, आणि चारचौघांत 'येत नाही' म्हणायची चोरी! त्याने कंगव्यावर बोट ठेवलं. "बघा, ह्याच लोखंडी दातांनी हिचं अंग फाडलं. धर्मासाठी मेलेली संत आहे ही!" झालं. माझ्याभोवती प्रार्थनाघर उभं राहिलं, कंगव्याला इथे 'पेत्तिने' म्हणतात म्हणून संत पेत्तिना असं नाव पडलं आणि दर ऑक्टोबरात जत्रा भरू लागली.

खरं सांगतो, मला ते आवडलं. फुलं, तेलाचे दिवे, गुडघे टेकणारी माणसं. दिव्यांच्या काजळीखाली थाल्लुसाचं नाव बुडत चाललं होतं आणि मी आपला सुखावत होतो.

मग पाल्मिराची वेळ आली. प्रार्थनाघराची झाडलोट तीच करायची. तिची नऊ वर्षांची इनेस आजारी पडली, तेव्हा ती महिनाभर रोज येऊन डोकं टेकायची. "माझं आयुष्य घे गं बाई, पण पोरीला उठव." इनेस गेली. तिला पुरून पाल्मिरा थेट माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "माझ्याच मागण्यात खोट असणार." तीस वर्षं ती हेच मनाशी धरून बसली. खरं काय ते माझ्या अंगावर लिहिलेलं होतं, आणि तरी मी तिचा दिवा घेत राहिलो. याहून मोठी लाज मला ठाऊक नाही.

गेल्या वर्षी जत्रेआधी तिची नात एर्सीलिया मदतीला आली. शहरातल्या शाळेत लॅटिन शिकते.

"मेलेली भाषा शिकून काय दिवे लावणार आहेस?" पाल्मिरा बादली आपटत म्हणाली. "तुझा चुलतभाऊ बघ, नळ दुरुस्त करतो. लोक बसवून कॉफी पाजतात त्याला."

"आजी, बडबड पुरे. फडकं दे."

साबणाच्या पाण्याने काजळी निघाली. पोर ओळींवरून बोट फिरवत गेली आणि मध्येच थांबली.

"काय म्हणतेय आमची संतबाई?"

"काही नाही. पुसट आहे."

"खोटं बोलताना तुझी मान खाली जाते, अगदी बापासारखी. वाच."

एर्सीलियाने वाचलं. "वाटसरू, जरा थांब. इथे थाल्लुसा आहे. ती वेण्या घालायची. एकोणीस वर्षं जगली. आई हेल्पिसने हा दगड उभा केला. तिचं नाव घे आणि सुखाने जा."

"म्हणजे ही संत नव्हे?"

"नाही आजी. साधी पोर होती."

पाल्मिरा मटकन बाकावर बसली. आता ही हातोडा आणणार, असं मला वाटलं. आणायला हवाच होता.

"आईच्या डोळ्यांदेखत गेली म्हणायची," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "इथे ऐकणारं कुणी नव्हतंच तर. माझ्या मागण्यात खोट नव्हती गं, एर्सी. खोट नव्हती." मग ती पोरीच्या कुशीत तोंड घालून रडली.

मित्रांनो, जुनी भाषा शिकणाऱ्याला हसू नका. तुमच्याही वेशीवर एखादा अक्षरांचा दगड असेल. त्याला हात जोडण्याआधी कुणाकडून तरी तो वाचून घ्या. माझ्यासारखे दगड आपणहून खरं सांगत नाहीत.

रडू ओसरल्यावर पाल्मिराने नेहमीसारखा दिवा लावला. "आज काही मागायचं नाही," ती मला म्हणाली. मग नातीकडे वळली. "काय गं नाव तिचं?"

एर्सीलियाने सांगितलं. पाल्मिराने ते दोनदा पुटपुटून जिभेवर बसवलं. मग दारातून रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "थाल्लुसा!"