भट्टी न लावता केलेला ब्रॅकेट

सकाळी साडेदहाला शेलार गावातल्या शेडमध्ये यंत्रमागाचा, म्हणजे लूमचा, दुरुस्त केलेला ब्रॅकेट तुटला. लूमवाल्या फखरुद्दीनने तपासायला हातोडीचा एकच टोला दिला होता, तोही हलका. झिजेच्या जागी भरून काढलेला भाग मूळ धातूपासून सुटून पायाशी पडला.

"आमच्या लूमवर हा पहिल्या शिफ्टलाच गेला असता, केसरीशेठ," तो म्हणाला.

केसरीनाथला वाईट वाटलं नाही. शेड त्याची होती. ब्रॅकेट टिकला तर शेड पुतण्याकडे, हितेशकडे, राहील. नाही तर गोदामवाल्याला जाईल, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. गोदामवाले लोक त्याला कळत. हितेशचं यंत्र मात्र त्याच्या लेखी खेळणं होतं. ॲल्युमिनियमचा चुरा दाबून कांडी करायची, ती झिजलेल्या भागावर जोराने फिरवत घासायची, घासून मऊ झालेला धातू थरावर थर बसवायचा. वितळवायचं काहीच नाही. म्हणजे स्वयंपाक करायचा आणि चूल पेटवायची नाही.

हितेश उकिडवा बसून तुकडा न्याहाळत होता. तुटलेल्या कडेत काळसर सुताचे तंतू होते, मधे लोखंडाचे कण.

"काका, चुरा चाळून दिला होता ना?"

"दिला व्हता."

दिला नव्हता. धामणकर नाक्याच्या लेथवाल्यांकडचा चुरा केसरीनाथ नेहमी जमीन झाडून, शेजारच्या लूमच्या सुतासकट गोणीत भरत असे. भट्टीत सूत जळतं, बाकीची घाण वर येते आणि काढून टाकतात. तोवर भट्टीवाल्याकडून घाणीसकट वजनाचे पैसे पदरात पडलेले असतात. चाळून दे म्हणे! पोहे हायत का?

"भट्टी असती तर चाललं असतं," हितेश म्हणाला. "इथे जे आत जातं ते आतच राहतं. स्वच्छ चुऱ्याची एक कांडी करू द्या, काका. एकच."

"चूल पेटवायची न्हाय, वर चुऱ्याला दोष! तुजं शिक्षण लय महाग पडलं रं."

फखरुद्दीन हसला नाही. त्याने तुकडा उचलला, नखाने एक तंतू ओढून काढला, बोटावर चोळला. "हे तर लूमचं सूत आहे," असं म्हणून त्याने केसरीनाथकडे पाहिलं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. गोदामवाला दोन माणसं आणि मोजायची टेप घेऊन उतरला. केसरीनाथ लगबगीने पुढे गेला.

दुपारी एकपर्यंत तीन भिंती मोजून झाल्या होत्या. चौथ्या भिंतीला यंत्र होतं. हितेश ते हलवत नव्हता, आणि स्वच्छ चुऱ्याची ती एक कांडी बघायला थांबलेला फखरुद्दीन अजून गेला नव्हता.